चौदा व्होल्ट

सकाळी साडेनऊ. देवाला अगरबत्ती ओवाळतोय तोच पांढरी वॅगन-आर दारात. मालक तरुण पोरगा. "दादा, महिन्यापूर्वी बाहेर अँप बसवून घेतला. गाडी रेस केली की शिट्टी वाजते, आवाज वाढवला की गाणं फाटतं." दोन्ही दुखणी वेगळी. किल्ली ठेवून घेतली.

दहा. बोनेट उघडलं आणि पोटात गोळाच आला. पॉवरच्या वायरला बॅटरीजवळ फ्यूजच नाही! वायर वाटेत कुठे सोलवटून पत्र्याला टेकली, तर अँपमधला फ्यूज काही करू शकत नाही, वायरच पेटते. निगेटिव्ह काढली आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत वायरला साजेसा फ्यूज बसवला.

अकरा. आता शिट्टी. इंजिनाबरोबर चढते म्हणजे अल्टरनेटरची. डिकीतली मॅट उचलली, तर अर्थचं थिंबल रंगावरच आवळलेलं. रंगातून वीज कशी जाणार? पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायर हातभरच ठेवली. पॉवरच्या वायरला चिकटून आलेल्या आरसीए, म्हणजे सिग्नलच्या वायरी, पलीकडच्या दारांखालून नव्याने ओढल्या. यातच दीड वाजला.

अडीच. डबा खाऊन गेनला हात घातला. गेन म्हणजे आवाजाचं बटण, हा समज स्पीकर जाळतो. स्टिरिओचा सिग्नल अँपला जुळवून देणं एवढंच गेनचं काम. इथे तो शेवटपर्यंत पिळलेला होता. अशाने सिग्नलच्या लाटेचे माथे छाटले जातात, तेच ते फाटणं.

स्पीकरच्या वायरी सोडवल्या. बेस बूस्ट शून्य, फिल्टर बंद, गेन तळाला, स्टिरिओ 40 पैकी 30 वर. चॅनेल 50 वॅटचा, स्पीकर 4 ओहमचा. 50 गुणिले 4 म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ 14.1, म्हणजे अँपमधून तेवढे व्होल्ट यायला हवेत. इंजिन चालू ठेवून 400 हर्ट्झचा सूर लावला, कारण स्वस्तातले मीटर 1000 ला चुकू शकतात. एसी व्होल्टवर ठेवलेला मीटर अँपच्या स्पीकर टर्मिनलांना लावून गेनचा स्क्रू केसभर फिरवला: नऊ, अकरा, तेरा, चौदा. थांबलो.

साडेचार. स्पीकर जोडले, 80 हर्ट्झखालचा बेस त्यांच्यापासून तोडला. दारांचे छोटे स्पीकर मोकळे झाले.

साडेपाच. मालक आला. गाणं बंद ठेवून आधी गाडी रेस करायला लावली. त्याने कान टवकारले, पुन्हा रेस केली. शिट्टी नव्हती. मग गाणं लावलं आणि दोन मिनिटांत विचारलंच, "दादा, गेन जरा वाढवायचा का?"

गेनच्या खाचेसमोर मार्करने टिंब काढून दिलं.