फिरता फिरता जन्मलेला भोवरा

मार्गशीर्षात सटाण्यात देव मामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते. तिथे लाकडी सामानाचं दुकान दिसलं, तर एक लाटणं उचला, डोळे मिटा आणि अंगठा त्याच्याभोवती फिरवा. कुठेही कोपरा लागत नाही, कुठे चढ नाही की उतार नाही. हा गोल कुणी आखला असेल?

कुणीच नाही. सुतारकामात एरवी लाकूड स्थिर असतं आणि हत्यार चालतं. करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांचं तेच. कातकामात मात्र लाकूड गरागरा फिरतं आणि कारागीर पटाशी घट्ट धरून हळूहळू सरकवतो. लाकडाचा जो भाग बाहेर आलेला असेल, तो आपणहून धारेपाशी येऊन छाटला जातो. मध्यापासून सगळीकडे अंतर सारखं झालं की लाकूड गोल झालं. कारागिराने ठरवायचं ते इतकंच, की कुठे जाड ठेवायचं आणि कुठे बारीक. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लेथपुढून, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रापुढून, हलूच शकलो नाही.

थोडा हिशोब करून पाहू. दहा सेंटिमीटर व्यासाचं लाकूड मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने पटाशीखालून पळते. आणि त्याच लाकडाचा नेमका मध्य? तो जागचा सरकतही नाही. म्हणून कडेला सुरेख कापणारी धार मध्याजवळ येताच अडखळते, आणि हाताला तिथे वेगळा विचार करावा लागतो. शिवाय लाकडाला रेषा असतात. लाटण्यासारखी लांब वस्तू कातताना पटाशी नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरवायची. मग कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो. उलट चढवली तर तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

भोवऱ्याची गोष्ट तर मला सगळ्यात विलक्षण वाटते. भोवरा डुगडुगू नये म्हणून त्याचं वजन अक्षाभोवती सारखं विभागलेलं हवं. लेथवर तो ज्या अक्षाभोवती फिरत घडला, त्याच अक्षावर आर ठोकली जाते. जाळी गुंडाळून पोरगं तो जमिनीवर सोडतं, तेव्हा तो जन्मापासून जे करत आला तेच पुन्हा करतो.

ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास, दोन माणसं कोरली आहेत: एक दोरी ओढून लाकूड फिरवतो आहे, दुसरा हत्यार धरून बसला आहे. कच्छमधल्या निरोणा गावात वाढा समाजाचे कारागीर आजही जमिनीवर बसून धनुकलीने लाकूड फिरवतात. धनुकली पुढे गेली की लाकूड एकीकडे फिरतं, मागे आली की उलट. कापणं एकाच दिशेला होतं. मग फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर चढते. ना कुंचला, ना ओला रंग. आणि ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या किड्याचा स्राव!

आपल्याकडे लाकूड आणि लाख यांचं नातं जपलं ते सावंतवाडीने. तिथल्या चितारी मंडळींची कातीव, रंगीत लाकडी फळं आणि खेळणी अनेक घरांत पोचली आहेत. पण याच चितारींची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. ती जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडे शिकायला बसले, पुढे राजवाड्यातच कलाकार काम करू लागले. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते आज रंगवले जातात, ते एका म्हाताऱ्या माणसाने शिकवायला होकार दिला म्हणून.

कातकामालाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच. पटाशी बरोबर कापते आहे की नुसती घासते आहे, हे कानाला कळतं. दांडा किती उचलायचा हे मनगटाला कळतं. पुस्तक वाचून ते येत नाही, शेजारी उभं राहावं लागतं. अमेरिकेत 1986 साली कातकाम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या गावोगावच्या शाखांमध्ये जाणता माणूस सगळ्यांसमोर लेथ चालवून दाखवतो, आणि सहज बघायला आलेला माणूसही नादी लागतो. आपल्याकडे ही विद्या बहुतेक घरातल्या घरात राहिली. मुलाने दुसरी वाट धरली की लेथ बंद. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

म्हणून सटाणा-बागलाणातल्या वाचकांना एक विनंती. पोराला भोवरा हवा असेल तर तयार घेऊ नका. जवळपास लेथ असलेला सुतार शोधा, पोराला बरोबर न्या आणि म्हणा, ‘दादा, याच्यासमोर करून दाखवा.’ कारागिरांनाही सांगणं आहे: पोरगं दारात रेंगाळलं तर त्याला हाकलू नका, डोळ्याला चष्मा द्या आणि जवळ उभं करा.