अख्खं शहर वाजतंय!

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर आजोबांकडून मागून घ्या आणि त्याची चकती हळूहळू फिरवा. एका वेळी एकच स्टेशन लागतं, बाकीची गप्प! प्रत्येक स्टेशनच्या रेडिओलहरी वेगळ्या वारंवारतेच्या असतात आणि रेडिओ त्यांतली एकच निवडतो.

मग एकच रचना वीस स्टेशनांत वाटून टाकली तर?

फिलिपिन्समधल्या मनिला शहरात १ जानेवारी १९७४ रोजी हे खरोखर घडलं! संगीतकार होते होसे मासेदा आणि रचनेचं नाव 'उगनायन', म्हणजे एकमेकांशी जोडलं जाणं. वीस ध्वनिफिती, वीस रेडिओ केंद्रं, ५१ मिनिटं. लोक आपापले ट्रान्झिस्टर घेऊन बागांत, चौकांत जमले. एका रेडिओतून रचनेचा एकच तुकडा ऐकू यायचा. रेडिओ जवळ आले की तुकडे हवेत मिसळायचे. आवाज लांबून आला की क्षीण होतो ना? त्यामुळे चार पावलं सरकलात की संगीत बदललंच! शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही तंतोतंत तेच ऐकू आलं नसणार. मला तर हे फार म्हणजे फार आवडतं.

मासेदांचा जन्म १९१७ सालचा. ते पॅरिसला जाऊन पियानो शिकले, तेही आल्फ्रेद कोर्तो या नामांकित वादकाकडे. पण पुढे ते ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आपल्याच देशातली बेटं आणि डोंगर पालथे घालू लागले. तिथे त्यांना भेटली बांबूची वाद्यं.

त्यातलं एक कलिंगा लोकांचं. बांबूचा एक तुकडा घ्यायचा, वरचा भाग तासून दोन जिभा ठेवायच्या, मधे बारीक फट. दुसऱ्या हातावर आपटलं की जिभा थरथरतात आणि भुंग्यासारखं झ्झ्झूं ऐकू येतं! खाली एक भोक असतं. ते अंगठ्याने झाका, उघडा, आवाज बदलतो. असं वाद्य कुणालाही पटकन वाजवता येतं, म्हणून मासेदा एकेका रचनेत शेकडो माणसांना सामील करून घेऊ शकले. १९७१ साली तर शंभर माणसं कॅसेट रेकॉर्डर घेऊन फिरली आणि त्यातूनच एक रचना उभी राहिली.

मासेदा २००४ साली गेले. त्यांनी गोळा केलेल्या ध्वनिफिती फिलिपिन्स विद्यापीठात जपल्या आहेत आणि २००७ साली युनेस्कोने 'मेमरी ऑफ द वर्ल्ड', म्हणजे जगाच्या आठवणींच्या यादीत त्यांची नोंद केली.

आता तुम्ही करून बघा. चार मोबाइल मागून घ्या. एकावर कुकरची शिट्टी, एकावर पाऊस, एकावर लाटण्याची ठकठक, एकावर टाळ्या रेकॉर्ड करा. चौघे चार कोपऱ्यांत उभे राहा, एकदमच सुरू करा आणि पाचव्याला मधून चालू द्या. चालता चालता त्याला एक जागा सापडेल, जिथे लाटणं आणि पाऊस सारख्याच जोराने ऐकू येतात. तिथे त्याला डोळे मिटायला सांगा.