टपाला लावलेलं डांबर उन्हात का गळतं?

आष्टीहून तुमची ताई बोलतेय. आजचा विषय गॅरेजमधला वाटेल, पण त्यात गटाचे पैसे गेलेत, म्हणून सांगते.

पापड, डाळी परतूरच्या बाजाराला न्यायला आम्ही जुनी व्हॅन घेतली. टपाचा पत्रा इतका थडथडायचा, की शेजारची बाई काय बोलते ते कळायचं नाही. एका कारागिराने टपाला आतून काळ्या चिकट शीट लावून दिल्या, वरून चंदेरी कागद. हिवाळा झकास गेला. एप्रिलपासून गाडीत डांबराचा वास कोंडायला लागला आणि मे महिन्यात एका दुपारी छताच्या कापडातून काळे थेंब पापडाच्या खोक्यांवर पडले. वास लागलेला पापड कोण घेणार? सगळी खोकी फेकली.

हे होतं कसं? स्टीलच्या ताटावर चमचा मारा, ठणठण वाजेल. आता ताटाच्या पाठीला कणकेचा गोळा थापा आणि मारा, नुसता थप्प आवाज येईल. पत्र्याची थरथर तो मऊ गोळा गिळतो. शीटचं काम हेच. म्हणून ती मऊ आणि चिकट असावीच लागते, आणि तिथेच घोळ आहे. रस्त्याचं साधं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असतात. उन्हात उभ्या गाडीचा टप ७० च्या घरात जातो. मग डांबर टपाला उलटं लटकून किती वेळ टिकणार?

कंपनीच्या गाड्यांतही डांबराचे तुकडे असतात बरं का. पण ते बहुतेक तळाला असतात आणि रंगाच्या भट्टीत तापवून पत्र्याला बसवलेले असतात. तळाला असलं की गळून डोक्यावर पडायची भीतीच नाही.

टपासाठी ब्यूटाइल रबराची शीट मागा. टायरच्या ट्यूबचं असतं त्याच जातीचं रबर. महाग पडतं, पण उन्हात टिकतं. ओळखायचं कसं? कोपरा ओढून बघा: रबर ताणतं, डांबर तुटतं आणि त्याला वास येतो. वरचा चंदेरी कागद दोन्हीला सारखाच असतो, त्यावर जाऊ नका. खात्रीच करायची तर एक तुकडा पत्र्याला लावून पत्रा उभा करा आणि आठवडाभर दुपारच्या उन्हात ठेवा. घसरला तर परत करा.

सगळा टप मढवायचीही गरज नाही. पत्र्याच्या मधोमध, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी थडथड बरीच कमी होते. ऊन मात्र या शीटने अडत नाही, त्याला वेगळा फोम लावावा लागतो. कारागीर दोन्ही एकच म्हणून सांगतात.

जुनं डांबर आम्ही पहाटे काढलं. गारव्याला ते कडक असतं, प्लास्टिकच्या पट्टीने सुटतं. आच दाखवून काढू नका, पेट घेईल. आम्हाला तीन पहाटा लागल्या, नखं आठवडाभर काळी होती.