पदकाच्या कडेवरचे नाव

जुन्या घरांत एखादे पदक निघतेच. पेटीच्या तळाशी, दागिन्यांच्या डबीत, कधी देवघरात जुन्या पैशांबरोबर. एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. मुलांना विचारले तर ‘आमच्या पणजोबांना राणीने दिले’ एवढेच सांगतात. राणीने नव्हे, राजाने. पण ते असू द्या. माझे सांगणे एवढेच की, राजा आणि घोडा क्षणभर बाजूला ठेवा. पदक उभे धरा आणि त्याची कड वाचा.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे लष्कराच्या कामावर होती. त्यांतली ७४ हजारांवर परतली नाहीत. युद्ध संपल्यावर वाटलेल्या पदकांत आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. घोडेस्वाराजवळ १९१४ आणि १९१८ हे आकडे असतात. त्याचे जोडीदार म्हणजे पंख असलेल्या विजयदेवीचे पितळी रंगाचे ‘व्हिक्टरी मेडल’. त्यावर मात्र १९१४-१९१९ असते, म्हणून गोंधळू नका. दोन्हींच्या कडेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. ‘एसईपी’ म्हणजे सिपॉय, ‘एसडब्ल्यूआर’ म्हणजे सवार, ‘एचएव्ही’ म्हणजे हवालदार. ‘फॉलर’सारखी अक्षरे दिसली तर तो माणूस फॉलोअर, म्हणजे भिस्ती, आचारी, खेचरवाला असा पलटणीबरोबरचा सेवक. ज्या घरात कुणाला सही येत नव्हती, त्या घरातल्या माणसाचे लेखी नाव पुष्कळदा एवढ्या एकाच ठिकाणी उरलेले असते.

आणि तेच सर्वांत आधी जाते. हे पदक चांदीचे, वजनाला अडीच-तीन तोळे. अडचणीच्या वर्षी ते सोनाराकडे गेले आणि मुशीत वितळले. १९७९-८० मध्ये जगभर चांदी कडाडली तेव्हा तर इंग्लंडातल्या घरांतूनही ही पदके भट्टीत गेली. सोनार कडेवरचे नाव कशाला वाचेल?

ढाणकीतल्या एका घरी मी पाहिले ते पदक मात्र काळपट होते, ब्राँझचे. चांदीचे नव्हते म्हणूनच ते वाचले असावे. घरचे म्हणत, आजोबा सुभेदार होते, बसऱ्याला लढले. कडेवर भिंग धरले तर सुभेदार नव्हता, पलटणही नव्हती. नाव होते आणि पुढे ‘पोर्टर कोअर’. घरातल्या वडीलधाऱ्या काकांनी विचारले, ‘‘म्हणजे हमालच न?’’ मी हो म्हटले. थोडा वेळ कुणी बोलले नाही.

खरे तर त्या पदकाचे मोल इथेच सुरू होते. ब्रिटिश वॉर मेडल ६० लाखांवर निघाली. त्यांतली ब्राँझची सुमारे १ लाख १० हजारच. ती हिंदी, चिनी आणि माल्टाच्या मजूर तुकड्यांसाठी होती. बंदूक नाही म्हणून चांदी नाही, असा सरकारी हिशेब. पण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसरा बंदरातला माल उतरवणे, रस्ते आणि रूळ टाकणे हे अशाच माणसांच्या पाठीवर झाले. मार्च १९१७ मध्ये इंग्रजी फौजा बगदादला पोहोचल्या त्यामागे हे ओझे होते. काही मजूर तुकड्या तर हिंदुस्थानातल्या तुरुंगांतले कैदी भरून उभारल्या होत्या. काकांना मी हे सगळे सांगितले. सुभेदार गेला, पण आजोबा बसऱ्याला गेल्याची गोष्ट खरी असायला वाव उरला.

आता कडेवरचे नाव आपल्याच माणसाचे कशावरून? पदके गहाण पडत, विकली जात. इंग्रज कारकून कानाला जसे ऐकू येई तसे लिही. गणपतचा ‘गुनपूत’, शिंदेचा ‘सिंदे’, पवारांचा ‘पोवार’. एका नावाचे चार शिपाई एकाच पलटणीत असत. म्हणून नावापेक्षा नंबर मोलाचा.

पलटणीचे नावही फसवते. ‘९६ बेरार इन्फन्ट्री’ असे कोरलेले दिसले की आपल्याला वाटते, वऱ्हाडी पलटण! निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेतली ती तुकडी. त्याच फौजेच्या खर्चापायी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्यात भरती मुख्यतः जाट, राजपूत, दख्खनी मुसलमानांची. १९२२ मध्ये ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ झाले. म्हणजे ‘बेरार’चा माग काढत माणूस हिमालयात रानीखेतला पोहोचतो. उलट मराठा पलटणींचा माग बेळगावला जातो. महार पलटणीचे पदक असेल तर साल पाहा : १११ वी महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली, आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची, केंद्र सागरला.

माणूस युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी पाहावी. इंटरनेटवर ती फुकट दिसते. हिंदी शिपायाच्या नोंदीत अनेकदा बापाचे नाव, गाव, जिल्हाही असतो. पण नाव नाही म्हणजे माणूस जिवंत परतला असे समजू नका. याच आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केले की, आफ्रिकी, हिंदी, इजिप्शियन अशा किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे स्मारकांवर आलीच नाहीत.

मग गावाचा कागद उरतो. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे जुने हक्कपत्रक. जातीच्या दाखल्यासाठी आपण हे सगळे धुंडाळतोच. ढाणकी-उमरखेडकडच्यांनी एक ध्यानात ठेवावे : हा भाग पुसद तालुक्यात होता आणि पुसद १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात. त्याआधी जन्मलेल्या माणसाचा जिल्हा लष्करी कागदात ‘बासीम’ असू शकतो. पैनगंगेपलीकडचे हदगाव, हिमायतनगर १९४८ पर्यंत निजामाचे. तिकडचे मामा-आजोबा असतील तर कागद उर्दूत निघतील. वाचून देणारा आधीच शोधून ठेवा.

दुसऱ्या महायुद्धाची पदके इंग्रज शिपायांना बिननावाची मिळाली, हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र नाव आहे. गंमत आहे, पण आपल्या फायद्याची. हिंदुस्थानचा नकाशा असलेले ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ निघाले तर ते देशातल्याच नोकरीचे. त्यावरून ब्रह्मदेशाची कथा रचू नये. या युद्धातल्या शिपायाचा कागद पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असतो. निवृत्तिवेतन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पेन्शन घेणाऱ्याच्या वारसांना जास्त आशा.

अर्ज करताना नंबर, हुद्दा, नाव कडेवर आहे तसेच, चुकीच्या स्पेलिंगसकट लिहा, सुधारू नका. तिरका प्रकाश टाकून कडेचे चार बाजूंनी फोटो काढा आणि जोडा. पत्ता ठाऊक नसेल तर यवतमाळचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वाट दाखवेल. आणि तोपर्यंत ते पदक चिंच-रांगोळीने घासू नका. घासण्याने चकाकी येते आणि आधी झिजतात ती कडेवरची अक्षरे.