सत्तावन्न किलोंची जागा

जत्रेतली कुस्ती आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिली आहे. हलगी कडाडते, पैलवान अंगाला तांबडी माती लावून हौद्यात उतरतात, पंच हात मिळवून देतात. कोण किती किलोचा, हे तिथं काट्यावर बघत नाहीत. जोड डोळ्यांनी लावतात. पाठ टेकली, की कुस्ती चितपट आणि इनाम जिंकणाऱ्याच्या हातात. हिशोब सरळ असतो.

मॅटवरच्या कुस्तीचा हिशोब मात्र वेगळा. तो नीट समजला नाही, तर बीड जिल्ह्याच्या पाटोद्यातून निघून जगात पदक मिळवणाऱ्या राहुल आवारे यांची कारकीर्द कळत नाही. आणि ती कळणं गरजेचं आहे, कारण आजही कितीतरी घरांत पोराच्या दूध-तूप-बदामासाठी इतर खर्चाला कात्री लावली जाते.

मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं की एक. दहा गुणांची आघाडी झाली, की कुस्ती तिथंच संपते. पण हे सारं नंतरचं. आधी काटा. गट ५७ किलोंचा असेल, तर वजन त्याच्या आत हवं. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचूनही शंभर ग्रॅम जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या, हे आपण विसरलेलो नाही.

यापेक्षाही कठीण गोष्ट म्हणजे जागा. ऑलिम्पिक असो वा राष्ट्रकुल, एका गटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो. देशात दुसरा असलात, तर घरी बसायचं. आणि ५७ किलो हा तर आपल्याकडचा सर्वांत गर्दीचा गट. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवलं, ते याच वजनात. रवी दहिया यांचं टोकियोतलं रौप्य आणि अमन सेहरावत यांचं पॅरिसचं कांस्यही ५७ किलोंतलंच.

राहुल यांचा जन्म १९९१ चा. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे लंगोट घरातूनच मिळाला. पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली ते घडले. बिराजदार मामा लातूर जिल्ह्यातले. मराठवाड्याच्या पोराला पुण्यात मराठवाड्याचाच वस्ताद भेटला. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत राहुल यांनी सुवर्ण जिंकलं. २०११ मध्ये मामा गेले. मग अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार यांनी त्यांना आपल्या तालमीत घडवलं. तेही लातूरचेच.

पोरगा तयार होता, पण जागा रिकामी नव्हती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलोंत अनिल कुमार उतरले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला अमित कुमार गेले आणि २०१४ मध्ये ग्लासगोला ५७ किलोंचं सुवर्णही त्यांनीच आणलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला संदीप तोमर गेले. हे सगळे चांगलेच मल्ल होते. पण दर वेळी तालमीत परत येऊन पहाटे पुन्हा जोर-बैठका काढायला काय लागत असेल, याचा विचार करा. हरलेला पैलवान पुढच्या जत्रेची वाट बघतो. ज्याला लढायलाच मिळालं नाही, त्यानं कशाची वाट बघायची?

राहुल यांनी चार वर्षांनी येणाऱ्या पुढच्या राष्ट्रकुल स्पर्धेची वाट बघितली. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला १२ एप्रिल २०१८ रोजी ते ५७ किलोंत उतरले. उपांत्य फेरीत पाकिस्तानच्या महंमद बिलालला त्यांनी १२-८ असं हरवलं. अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध मध्येच दुखापतीनं गाठलं, तरी त्यांनी कुस्ती १५-७ अशी मारली. हे सुवर्ण त्यांनी बिराजदार मामांना अर्पण केलं. मामांना जाऊन तेव्हा सात वर्षं होत आली होती.

पुढच्या वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतान (आताचं अस्ताना) इथं जागतिक स्पर्धा झाली. राहुल ६१ किलोंत लढले. अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असं हरवून त्यांनी कांस्य जिंकलं. त्याच स्पर्धेत रवी दहिया यांनी ५७ किलोंत कांस्य मिळवलं. स्पर्धा एक, पदक एकाच रंगाचं. पण दहिया यांच्या पदकासोबत टोकियोची जागा आली, राहुल यांच्या पदकासोबत नाही. कारण जागतिक स्पर्धेत फ्रीस्टाइलचे दहा गट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच. ५७ नंतर तिथं थेट ६५. मधले ६१ किलो ऑलिम्पिकला ठाऊकच नाहीत.

२०२० मध्ये दिल्लीत आशियाई कांस्य आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार राहुल यांना मिळाला. राज्य शासनानं त्यांना पोलीस उपअधीक्षक केलं. ऑलिम्पिक मात्र राहिलं. म्हणून ही कारकीर्द अपुरी म्हणायची का? माझ्या मते नाही. जगातल्या पहिल्या चार-पाच मल्लांत आपला मल्ल उभा राहिला, हे काट्यावरच्या चार किलोंनी खोटं ठरत नाही.

तेव्हा पोराला तालमीत घालताना त्याला डाव शिकवा, पण हा हिशोबही सांगा. कुस्ती त्याच्या हातात असते, जागा नेहमीच असते असं नाही. हे आधीच कळलेला पोरगा जागा हुकली म्हणून तालीम सोडणार नाही.