पंचनामा आणि प्रयोगशाळा : ‘एक शून्य शून्य’च्या निमित्ताने गुन्हेमालिकेचा विचार

गुन्हेकथा हा कथनप्रकार मूलतः पुराव्यावर उभा असतो. गुन्हा घडून गेलेला असतो. मागे राहिलेल्या खुणांवरून त्याची कथा रचावी लागते. या खुणा कोणी पाहिल्या, कोणत्या भाषेत नोंदविल्या आणि कोणापुढे मांडल्या, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या कथेचे स्वरूप अवलंबून असते. दूरचित्रवाणीवरील न्यायवैद्यक तपासाच्या मालिकांचा विचार मराठीत बहुधा ‘रंजन’ या एका शब्दात आटोपला जातो. परंतु पुरावा म्हणजे काय, याविषयीची प्रेक्षकाची समजूत या मालिका घडवीत असतात, आणि म्हणून भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेणे अगत्याचे ठरते. मुंबई दूरदर्शनवर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसारित झालेली ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका या विचाराचा आरंभबिंदू म्हणून उपयोगी पडते.

गुन्हेकथा आणि प्रयोगशाळा यांचे नाते जुने आहे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या होम्स-कथेत शेरलॉक होम्स वाचकाला प्रथम भेटतो तो रसायनशाळेत, रक्ताचा डाग ओळखण्याची नवी कसोटी सापडल्याच्या आनंदात. म्हणजे कथेतील प्रयोगशाळा प्रत्यक्षातील पोलिसी प्रयोगशाळेच्या आधीची आहे. एडमंड लोकार यांनी फ्रान्समधील ल्याँ येथे आपली प्रयोगशाळा सुरू केली ती १९१० साली. मराठी रहस्यकथेने मात्र ही वाट फारशी चोखाळली नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे नायक प्रामुख्याने साहस, वेषांतर आणि हजरजबाबीपणा यांच्या बळावर यश मिळवितात. त्या कथाविश्वात डाग, केस, माती यांपेक्षा नायकाची छाती महत्त्वाची असते. पुराव्याला नायकाचे स्थान देणारी परंपरा मराठीत ग्रंथरूपाने क्षीणच राहिली आणि ती सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती पुढे दूरचित्रवाणीच्या मार्गाने.

‘एक शून्य शून्य’चे दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि दूरदर्शनवर वृत्तचित्रणाचे काम केलेले. शिवाजी साटम यांची प्रमुख भूमिका असलेल्या या मालिकेचे नाव म्हणजे पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक. हे नाव अर्थपूर्ण आहे. शंभर हा आकडा नागरिक फिरवितो. म्हणजे नावातच तक्रार करणारा माणूस गृहीत आहे. त्याच दिग्दर्शकाने त्याच अभिनेत्यासह पुढे हिंदीत केलेली ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१८पर्यंत दीड हजारांहून अधिक भागांत चालली. तिचे नाव मात्र यंत्रणेच्या आद्याक्षरांचे आहे. ‘एक शून्य शून्य’चे आयुष्य त्या मानाने अल्प, आणि तिच्याबरोबर तपासाच्या मराठी संवादभाषेची एक शक्यताही मागे पडली. ‘सीआयडी’त आडनावे मराठी राहिली, परंतु डॉक्टर साळुंखे यांच्या तोंडची भाषा हिंदी झाली आणि ज्ञान इंग्रजी झाले.

डॉक्टर साळुंखे (नरेंद्र गुप्ता) यांच्या प्रयोगशाळेचा प्रसंग या प्रकारच्या मालिकांचे मर्म सांगतो. परीक्षानळीतील द्रव रंग बदलतो, संगणकाच्या पडद्यावर दोन आकृत्या जुळतात आणि संशयाची जागा निश्चिती घेते. अमेरिकेत २००० ते २०१५ या काळात चाललेल्या ‘सीएसआय’ मालिकेने हेच दृश्य जगभर रूढ केले. प्रत्येक खटल्यात ज्यूरी वैज्ञानिक पुराव्याची अवास्तव अपेक्षा धरू लागली आहे, अशी तक्रार तेथील वकीलवर्गातून पुढे आली आणि तिला ‘सीएसआय परिणाम’ असे नावही पडले; तो परिणाम खरोखर किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. याच मालिकेची ‘सीएसआय : सायबर’ ही शाखा २०१५-१६मध्ये दोन हंगामांतच आटोपली. तिच्यात पुराव्याचे स्थान देहाकडून संगणकाकडे गेले होते. स्पर्श करता येईल, दाखविता येईल अशी खूण हा या कथनप्रकाराचा मोठा आधार आहे, याची येथे आठवण होते.

या दृश्यात जे वगळले जाते, ते मराठीत एका शब्दाने सांगता येते : पंचनामा. ‘पंच’ हा आपल्याकडचा आणि ‘नामा’ हा फारसीतून आलेला; असा हा जोडशब्द. औसा येथील वाचकाला या संकराचे नवल वाटू नये. १९४८पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात असलेला औसा तालुका १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात आला. जिल्हे बदलले, राजभाषा बदलली. पंचनामा हा शब्द टिकला. तो केवळ खुनाशी निगडित नाही, हेही ध्यानात घ्यावे. अतिवृष्टीने सोयाबीन कुजले तरी पंचनामा होतो; तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, पाहतात, लिहितात. मराठवाड्यातील शेतकऱ्याला पुराव्याचे शास्त्र प्रथम कळते ते येथे. पाहिलेले जोवर लिहिले जात नाही, तोवर ते घडले असे धरले जात नाही.

गुन्ह्याच्या तपासात घटनास्थळाचा, जप्तीचा, मरणोत्तर असे निरनिराळे पंचनामे होतात. त्यांत दिशा, अंतरे, वस्तूंची स्थिती आणि मुद्देमाल कसा लाखबंद केला याची नोंद असते. खाली पंचांच्या सह्या असतात. विशेषणांना येथे जवळजवळ मज्जाव आहे. कथनमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे, तर हे साक्षीदार-निवेदकाचे गद्य होय. प्रयोगशाळेत पोचणारा प्रत्येक नमुना या गद्यातून जातो. लाखेचा ठसा जुळला नाही, किंवा पंच न्यायालयात फितूर झाला, तर रसायनशास्त्र निर्दोष असूनही पुरावा दुबळा होतो. मालिकेत देह स्वतःच बोलतो. प्रत्यक्षात त्याच्या वतीने हवालदार, पंच, वैद्यकीय अधिकारी आणि रासायनिक विश्लेषक अशी माणसांची साखळी बोलत असते. ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वृत्तपत्रांतील परिचित वाक्य त्या साखळीतील प्रतीक्षा दाखविते. मालिकेत ही प्रतीक्षा नसते, म्हणूनच तेथे शंकेलाही जागा उरत नाही.

औसा तालुक्याने या प्रश्नाची एक भीषण बाजू अनुभवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, याच तालुक्यातील किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. मृतांचा शासकीय आकडा आठ हजारांच्या जवळपास आहे. ढिगाऱ्यांतून काढलेल्या देहांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. तेथे गुन्हेगार नव्हता आणि देहागणिक प्रयोगशाळेची चाचणी शक्यही नव्हती. हा कोण, ही कोणाची, हे सांगू शकत होते ते वाचलेले नातलग आणि शेजारी. न्यायवैद्यक मालिका एका देहाभोवती सारे शास्त्र उभे करते; किल्लारीने दाखवून दिले की ओळख ही मुळात समाजाने दिलेली साक्ष असते आणि साक्ष देणारे घरच नष्ट झाले, तर शास्त्रालाही ताडून पाहण्यासाठी काही उरत नाही.

याचा अर्थ प्रयोगशाळेचे महत्त्व कमी लेखावे असा नव्हे. दुर्बलांच्या बाबतीत साक्षीदार दबावाखाली येतात, तेव्हा वैज्ञानिक पुरावा हाच आधार असतो. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून, ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. तज्ज्ञ आता गावापर्यंत येणार आहे. तो जे लिहील ते मृताच्या आईला, गावातील पंचाला आणि आरोपीच्या बापाला कळेल का, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे. अहवाल समजला नाही, तर त्यावर शंका घेण्याचा अधिकारही वापरता येत नाही. आणि मालिकेने अहवालावर विश्वास ठेवायला शिकविलेले असते, तो वाचायला नव्हे.

म्हणून ‘एक शून्य शून्य’चे स्मरण केवळ हळव्या आठवणीपुरते राहू नये. तपास मराठीत बोलू शकतो, हे तिने दाखविले होते. मराठीच्या विद्यार्थ्याने पंचनाम्याचे गद्य जसे आहे तसे वाचावे, त्यातील क्रियापदे आणि कर्ते तपासावेत, मालिकेतील संवादांशी ते ताडून पाहावे. कर्ता कोठे लपविला आहे, हे ओळखण्याची सवय त्याला कवितेच्या आणि कथेच्या वाचनाने लागलेली असते. ती गावातील कागदावरही वापरता येते, आणि तेथे तिच्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते.