कुलगुरू बदलतात, गठ्ठे राहतात

18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याच्याकडे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, स्वतःची इमारतही नव्हती. होता तो परीक्षा घेण्याचा आणि पदवी देण्याचा अधिकार. तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. शिकवायचं कॉलेजांनी, प्रश्नपत्रिका काढायची आणि निकाल लावायचा विद्यापीठानं. राजाबाई टॉवर उभा राहायला पुढे 1878 साल उजाडलं. परीक्षा मात्र 1859 मध्येच सुरू झाल्या होत्या. गेल्या पंधरा वर्षांत या विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावानं जे जे गाजलं, त्यातलं बरंचसं परीक्षा विभागाच्या दारात येऊन अडखळलं. तो योगायोग नाही, ही जन्मखूण आहे.

पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली हे मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. पुढेही बराच काळ या खुर्चीवर न्यायाधीश, बॅरिस्टर, सरकारी अधिकारी असेच लोक आले. पद मानद होतं. कुलगुरूनं सभांचं अध्यक्षपद सांभाळावं, पदवीदान समारंभात भाषण करावं, वजन वापरून सरकारकडून चार गोष्टी करून घ्याव्यात, एवढीच अपेक्षा. 1892 मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. 1862 मध्ये विद्यापीठाची पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली, त्यात महादेव गोविंद रानड्यांबरोबर हेच भांडारकर होते. स्वतःच्याच विद्यापीठाचा पहिल्या तुकडीतला पदवीधर तीस वर्षांनी त्याचा कुलगुरू व्हावा, हे आजही अप्रूप वाटण्यासारखं आहे.

रानडे कुलगुरू कधीच झाले नाहीत. पण अभ्यासक्रमाची एक मोठी लढाई त्यांच्या नावावर आहे. विद्यापीठानं सुरुवातीच्या काळातच देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर काढल्या होत्या. मराठीला तिथं पुन्हा जागा मिळावी म्हणून रानडे आयुष्याच्या शेवटापर्यंत सिनेटमध्ये झगडत राहिले. झगडा शिकवण्यासाठी नव्हता, परीक्षेत बसवण्यासाठी होता, हे लक्षात घेण्याजोगं. परीक्षेत नसलेला विषय या विद्यापीठात विषयच नव्हता. आज एखादं अभ्यास मंडळ पेपर शंभर गुणांचा की पन्नासचा यावर दोन बैठका घालवतं, तेव्हा हीच रीत चालू असते.

ही चाकोरी मोडण्याचा पहिला भरीव प्रयत्न चिमणलाल सेटलवाड यांच्या काळात झाला. 1917 ते 1929 अशी तब्बल बारा वर्षं ते कुलगुरू होते. आजच्या पाच वर्षांच्या मुदतीत हे स्वप्नवतच. 1919 मध्ये विद्यापीठानं समाजशास्त्राचा विभाग काढला आणि त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला नेमलं. 1924 मध्ये तिथं गोविंद सदाशिव घुर्ये आले आणि पुढची काही दशकं भारतातल्या समाजशास्त्रज्ञांची पिढी या विभागात घडली. सेटलवाडांनंतर, 1933 मध्ये, रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. यूडीसीटी या नावानं ओळखला जाणारा हा विभाग मुंबईतल्या कापडगिरण्यांची आणि रंग-रसायनांच्या कारखान्यांची गरज समोर ठेवून काढलेला होता. रघुनाथ माशेलकर इथलेच विद्यार्थी. 2008 मध्ये या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तो रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून स्वतंत्र झाला. विद्यापीठानं स्वतः शिकवायला घेतलेली सर्वांत यशस्वी गोष्ट अखेर विद्यापीठातून बाहेर पडली. ते योग्यच झालं, असं मानणारे तेव्हाही होते.

दरम्यान विद्यापीठाचा मुलूख आक्रसत गेला. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ निघालं. गुजरात आणि कर्नाटकातले भागही त्याच सुमारास स्वतःच्या विद्यापीठांकडे गेले. तरी मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढं उरलंच. सावंतवाडीचं कॉलेज आणि चर्चगेटचं कॉलेज एकाच वेळापत्रकावर, एकाच प्रश्नपत्रिकेवर चालतात. संलग्न कॉलेजं आठशेच्या वर, विद्यार्थी लाखांत. कुलगुरूनं धोरणाचा कागद काढला की तो एवढ्या लांबवर पोचायचा असतो.

खुर्चीवर बसलेल्या सगळ्यांची जंत्री इथं देण्यात अर्थ नाही. काही नावं मात्र वगळता येत नाहीत. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे स्वातंत्र्याच्या वर्षी कुलगुरू झाले. 1986 मध्ये मेहरू बेंगाली या पहिल्या महिला कुलगुरू आल्या. 1995 ते 2000 या काळात बालशल्यचिकित्सक स्नेहलता देशमुख होत्या. विद्यार्थ्याच्या नावापुढे आईचंही नाव लागावं, हा त्यांच्या कारकिर्दीतला निर्णय लोकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला. फायलीतला एक रकाना वाढला इतकंच, असं कोणी म्हणेल. पण कोणत्याही अभ्यासक्रमबदलापेक्षा तो अधिक घरांत पोचला, हेही खरं.

2000 च्या आसपास स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची लाट आली. बीएमएस (व्यवस्थापन), बीएमएम (माध्यमं) ही नावं मुंबई-ठाण्यातल्या घराघरांत ऐकू येऊ लागली. सरकारी अनुदान नाही, शुल्क मोठं, शिक्षक बहुतेक तासिका तत्त्वावर. कॉलेजांना पैसा हवा होता, मुलांना बी.कॉम.पेक्षा वेगळं काही हवं होतं. दोघांची सोय झाली. पुढे 2024 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं व्यवस्थापन आणि संगणकाचे पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले, सीईटी ही प्रवेशपरीक्षा बंधनकारक झाली, तेव्हा कित्येक कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम.च्या पोटात व्यवस्थापन घातलं आणि सीईटीतून सुटका करून घेतली. पाटी नवी, वर्ग तोच. नियमातली फट शोधण्यातली ही चपळाई अध्यापनात दिसली असती तर?

राजन वेळूकर 2010 मध्ये कुलगुरू झाले आणि वादांची रांग लागली. त्याच वर्षी रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी द्वितीय वर्ष बी.ए.च्या इंग्रजी अभ्यासक्रमातून काढण्यात आली. शिवसेनेच्या आदित्य ठाकरे यांनी आक्षेप घेतला आणि कुलगुरूंनी आपले विशेषाधिकार वापरून पुस्तक वगळलं. पुस्तक निवडायला अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद लागते. काढायला एक सही पुरली. पुढच्या वर्षी श्रेयांक आणि सत्र पद्धत आली. वर्षाची एक परीक्षा जाऊन दोन झाल्या, साठ गुण लेखी आणि चाळीस अंतर्गत. कल्पना वाईट नव्हती. पण अंतर्गत गुणांची खिरापत वाटली जाते अशी ओरड झाली आणि प्रमाण पुढे पंचाहत्तर-पंचवीसवर आलं. वेळूकरांच्या पात्रतेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, त्यांना काही काळ कामापासून दूर राहायला सांगितलं, मग सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर ते परतले. हे चालू असताना सत्र परीक्षा मात्र आपल्या गतीनं वाढत होत्या, आणि राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात गेलेल्या एटीकेटीवाल्यांच्या परीक्षा त्यांच्या जोडीला.

सत्र पद्धतीनं उत्तरपत्रिकांचा ढीग दुप्पट केला, ही गोष्ट तेव्हा फारशी कोणी बोलून दाखवली नाही. ती 2017 मध्ये दिसली. कुलगुरू संजय देशमुख यांनी उन्हाळी परीक्षेच्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, 477 परीक्षा. काम एका खासगी कंपनीला सोपवलं गेलं तेही परीक्षा चालू असतानाच. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना लॉगिन मिळेना, मिळालं तर भलत्याच विषयाचा पेपर समोर यायचा. कॉलेजं बंद ठेवून शिक्षकांना तपासणीला बसवण्यात आलं. निकाल पंचेचाळीस दिवसांच्या आत लागावा असं कायदा सांगतो. कुलपती चे. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांचे हाल झाले, काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. ऑगस्टमध्ये कुलगुरू रजेवर गेले, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे कारभार आला आणि 24 ऑक्टोबरला देशमुखांना पदावरून दूर करण्यात आलं.

दोष एकट्याचा नव्हता. ऑनस्क्रीन मूल्यांकन ही पद्धत आज इतरत्रही चालते आणि मुंबईतही नंतर चालू राहिली. एका फटक्यात सगळं करायची घाई मात्र नडली. गंमत अशी की त्याच वर्षी, 1 मार्च 2017 पासून, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 लागू झाला होता. ज्ञानशाखा चार केल्या गेल्या, पूर्णवेळ अधिष्ठाता आले, नव्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, रचना झाली. कायद्यानं नेतृत्वाची नवी चौकट आणली त्याच उन्हाळ्यात नेतृत्व निकालाच्या गठ्ठ्याखाली सापडलं.

रुईया कॉलेजचे प्राचार्य सुहास पेडणेकर 2018 मध्ये कुलगुरू झाले. त्यांच्या वाट्याला कोविड आला. राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या, विद्यापीठ अनुदान आयोगाला हव्या होत्या. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या घ्याव्याच लागतील असं सांगितलं, आणि बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली. 2021 मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन आणि मान्यता परिषदेकडून (नॅक) 3.65 गुणांसह ए प्लस प्लस श्रेणीही मिळाली. पेडणेकरांची मुदत 2022 मध्ये संपली, तेव्हा नवा कुलगुरू तयार नव्हता. पुन्हा कोल्हापूरहूनच, या वेळी दिगंबर शिर्के, प्रभारी म्हणून आले. जून 2023 मध्ये रवींद्र कुलकर्णी यांची नेमणूक होईपर्यंत मुंबईचा कारभार प्रभारीच होता. पुण्याच्या विद्यापीठाचीही तीच कथा.

हा उशीर होतो कारण कुलगुरू नेमायचा कोणी, हाच वादाचा विषय आहे. शोध समितीनं नावं द्यायची आणि कुलपती म्हणजे राज्यपालांनी एक निवडायचं, ही पद्धत. डिसेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारनं दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतलं: नावं राज्य सरकारमार्फत जावीत, उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत. राज्यपालांची सही झाली नाही, सरकार बदललं, विधेयक मागे घेतलं गेलं. मग जानेवारी 2025 मध्ये अनुदान आयोगानं मसुदा काढला, त्यात उद्योग आणि लोकप्रशासनातल्या मंडळींनाही कुलगुरुपद खुलं करण्याचा आणि शोध समितीवर कुलपतींचा हात बळकट करण्याचा प्रस्ताव होता. बिगरभाजप राज्यांनी त्याला जोरदार विरोध केला. दिल्ली ओढते, मंत्रालय ओढतं. अभ्यासक्रम कसा असावा याची चर्चा या ओढाताणीत शेवटच्या ओळीत.

आणि अभ्यासक्रम तर गेल्या पन्नास वर्षांत झाला नाही इतका बदलतोय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून, तर संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवी रचना सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले निवडक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एका वर्षावर थांबलं तर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. सेंट झेवियर्ससारख्या 2010 पासून स्वायत्त असलेल्या कॉलेजला हे पेलतं. पण कोकणातल्या एका ज्ञानशाखेच्या, अर्ध्या जागा रिकाम्या असलेल्या कॉलेजात इतिहासाच्या मुलाला दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र कोण शिकवणार? खरी निवड तिथं वेळापत्रकाच्या कागदावरच राहते. शिवाय विषयांचे तुकडे वाढले तसे पेपरही वाढले, आणि पेपर वाढले की मूल्यांकन. सत्र पद्धतीचा 2011 चा धडा इथं कुणी उघडून पाहिलेला दिसत नाही.

संलग्न कॉलेजांतली नव्या रचनेची पहिली तुकडी 2027 मध्ये तीन वर्षं पूर्ण करील. त्यातले किती जण चौथ्या वर्षासाठी राहतील, त्यासाठी किती कॉलेजांकडे मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा असतील, हे तेव्हा कळेल. चार वर्षं पुरी करणारे 2028 च्या उन्हाळ्यात बाहेर पडतील. पाच वर्षांची मुदत धरली तर विद्यमान कुलगुरूंची कारकीर्दही त्याच जूनमध्ये संपते. शोध समिती त्याआधी सहा महिने नेमली गेली तर बरं, नाहीतर कोल्हापूरला पुन्हा फोन जाईल.